उदबत्ती, रूम फ्रेशनर की भीमसेनी कापूर? घरातला ‘सुगंध’ फुप्फुसांना किती महाग पडतो

मीरा रोड पूर्वेच्या कनकिया भागात बेव्हर्ली पार्क आहे. संध्याकाळी सात-साडेसातला इथल्या कुठल्याही बिल्डिंगचा जिना चढून बघा. पहिल्या माळ्यावर मोगऱ्याची उदबत्ती, दुसऱ्यावर लोबान, तिसऱ्यावर बोंबील तळल्याचा वास आणि तो लपवायला मारलेला लॅव्हेंडरचा स्प्रे, चौथ्यावर मच्छर पळवणारी कॉइल. धर्म वेगळा, भाषा वेगळी, आडनाव वेगळं. पण दार बंद, खिडक्या बंद आणि आत काहीतरी जळतंय किंवा फवारलं जातंय, ही गोष्ट मात्र सगळीकडे सेम.

खिडक्या बंद का? तर त्याला कारणं आहेत. एका बाजूला खाडी, मिठागरं आणि कांदळवन, म्हणजे डास. दुसऱ्या बाजूला मीरा-भाईंदर रस्ता, ज्याने मेट्रो ९ च्या कामात वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. त्यात जून ते सप्टेंबर हवेत इतकी आर्द्रता की कपाटातले कपडे आपोआप कुबट होतात. म्हणजे वास येणार, खिडकी उघडता येणार नाही, मग सुगंध विकत आणायचा.

इन्स्टाग्राम उघडलं की या विषयावर दोन टाइपचे रील दिसतात. एकात सांगतात, रूम फ्रेशनर म्हणजे विष, आजच फेकून द्या. दुसऱ्यात सांगतात, केमिकल सोडा, भीमसेनी कापूर लावा, इसेन्शियल ऑइलचा डिफ्युजर घ्या, हवा ‘शुद्ध’ होईल. पहिल्यात निम्मं खरं आहे. दुसरा जास्त धोकादायक आहे, कारण तो ऐकून माणूस निर्धास्त होतो.

सरकारने उदबत्तीसाठी नियम आणला, तो नेमका काय?

डिसेंबर २०२५ मध्ये, राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या निमित्ताने, केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं एक नवं मानक जाहीर केलं. आयएस १९४१२:२०२५. विषय: उदबत्ती. जगात सगळ्यात जास्त उदबत्ती बनवणारा आणि निर्यात करणारा देश आपला, तरी तिच्यात काय नसावं याची ठाम यादी आत्ता आली.

यादी वाचली की जरा दचकायला होतं. उदबत्तीत वापरायला मनाई केलेल्या पदार्थांत अलेथ्रिन, परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि फिप्रोनिल आहेत. ही कीटकनाशकं आहेत. यातल्या फिप्रोनिलमुळे २०१७ मध्ये युरोपात मोठा गोंधळ झाला होता. अंड्यांमध्ये त्याचा अंश सापडला आणि लाखो अंडी दुकानांतून परत घ्यावी लागली. यादीचा दुसरा भाग कृत्रिम सुगंधाशी संबंधित रसायनांचा आहे: बेंझिल सायनाइड, एथिल अ‍ॅक्रिलेट, डायफेनिलअमाइन.

आता प्रश्न पडेल की देवासमोर लावायच्या काडीत कीटकनाशकाचं काय काम? उत्तर बाजारात आहे. ‘मच्छर अगरबत्ती’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या काड्या. डास मारणारं कुठलंही उत्पादन विकायचं असेल तर कीटकनाशक कायदा १९६८ खाली केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे नोंदणी लागते आणि पाकिटावर ‘सीआयआर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापावा लागतो. बऱ्याच स्वस्त काड्यांवर तो नसतो. पाकिटावर डासाचं चित्र आहे आणि नोंदणी क्रमांक नाही, तर ते पाकीट घरी आणू नका. एवढं एक काम आजच करता येईल.

पण मानकाची मर्यादाही समजून घ्या. बीआयएसचं मानक साधारणपणे ऐच्छिक असतं. सरकारने वेगळा गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला तरच ते सक्तीचं होतं. म्हणजे निकषात बसणाऱ्या उत्पादकाला मार्क ‘लावता येईल’. लावता येणं आणि लावावंच लागणं, यात केवढं अंतर आहे हे सोन्याच्या हॉलमार्किंगमध्ये आपण पाहिलंय. तेही आधी अनेक वर्षं ऐच्छिकच होतं.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. वाईट रसायनं काढून टाकली तरी उदबत्ती जळणारच. आणि जळलं की धूर.

एक काडी, एक बेडरूम: गणित करून बघू

उदबत्तीच्या धुरावरच्या संशोधनात एक आकडा वारंवार येतो. एक ग्रॅम उदबत्ती जळली की साधारण ४५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत जातात. सिगारेटसाठी हाच आकडा ग्रॅममागे साधारण १० मिलिग्रॅम आहे. याचा अर्थ उदबत्ती सिगारेटपेक्षा चौपट वाईट, असा होत नाही. सिगारेटचा धूर माणूस थेट छातीत ओढतो, उदबत्तीचा खोलीत पसरतो. पण खोली किती मोठी, हा प्रश्न उरतोच.

वन बीएचकेची बेडरूम १० बाय १२ फूट आणि उंची ९ फूट धरू. मेट्रिकमध्ये झाली साधारण ३० घनमीटर हवा. काडीवर जळणारा मसाला एक ग्रॅम धरला तर ४५ मिलिग्रॅम कण या ३० घनमीटरमध्ये पसरतील. म्हणजे घनमीटरमागे १,५०० मायक्रोग्रॅम.

आता तुलना. बाहेरच्या हवेतल्या पीएम २.५ कणांसाठी भारताची चोवीस तासांची मर्यादा आहे ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची आहे १५. घराच्या आतल्या हवेसाठी आपल्याकडे असा बंधनकारक आकडाच नाही, म्हणून बाहेरचा घेतला.

हे गणित ढोबळ आहे. मसाला ब्रँडप्रमाणे बदलतो, काही कण भिंतींवर आणि पडद्यांवर बसतात, काही दाराच्या फटीतून जातात, आणि ६० हा आकडा दिवसभराच्या सरासरीचा आहे. तरी निम्मे कण सोडून द्या. ७५० उरतात.

गंमत अशी की याच गणितात उपायही आहे. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीतली हवा तासाला साधारण अर्धीच बदलते असं धरलं, तर काडी विझल्यानंतर अर्ध्या तासानेही तीन-चतुर्थांशाहून जास्त कण तिथेच असतात. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून हवा तासाला सहा वेळा बदलली, तर त्याच अर्ध्या तासात जेमतेम ५ टक्के उरतात. काडी तीच. खिडकीने फरक पडला.

याचा शरीरावर परिणाम किती? सिंगापूरमध्ये ६१,३२० चिनी वंशाच्या प्रौढांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. घरात दीर्घकाळ उदबत्ती जाळणाऱ्यांमध्ये नाक, तोंड, घसा अशा श्वसनमार्गाच्या वरच्या भागातल्या कर्करोगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. फुप्फुसाच्या कर्करोगात एकूण वाढ मात्र दिसली नाही, ती त्याच्या एका विशिष्ट प्रकारात दिसली. असले अभ्यास संबंध दाखवतात, एखाद्या माणसाचं भविष्य सांगत नाहीत. दम्याच्या पेशंटला मात्र भविष्याची वाट बघावी लागत नाही. त्याला त्याच संध्याकाळी कळतं.

कॉइलचं प्रकरण तर याच्या पुढचं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी बंद खोलीतल्या एका कॉइलच्या धुराची तुलना सुमारे १०० सिगारेटींशी केली होती. त्याआधी २००३ मध्ये चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासणाऱ्या संशोधकांना एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण मिळाले होते. पावसाळ्यात लहान बाळाच्या पलंगाखाली रात्रभर कॉइल ठेवणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

मग स्प्रे बरा? त्यात तर धूर नाही

धूर नाही, हे बरोबर. पण स्प्रे हवा साफ करत नाही, हवेत अजून काही रसायनं सोडतो आणि नाकाला गंडवतो.

यातली मोठी अडचण लेबलची. ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ या एका शब्दामागे डझनावारी घटक असू शकतात. अमेरिकेत अ‍ॅन स्टाइनमन या संशोधक बाईंनी एअर फ्रेशनर, डिटर्जंट, साबण अशी २५ सुगंधी उत्पादनं तपासली. त्यांतून १३३ प्रकारची बाष्पनशील रसायनं निघाली, त्यातली २४ तिथल्या केंद्रीय कायद्यांनुसार विषारी किंवा घातक गटातली. लेबलवर यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. आणि ज्यांवर ‘ग्रीन’, ‘नॅचरल’ असं छापलेलं होतं, त्यांच्यातून निघणारी घातक रसायनं इतरांपेक्षा कमी होती, असंही दिसलं नाही.

तिथल्याच एनआरडीसी या पर्यावरण संस्थेने २००७ मध्ये १४ एअर फ्रेशनर तपासले, तर १२ मध्ये थॅलेट्स सापडले. सुगंध टिकून राहावा म्हणून ते वापरतात आणि हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ केल्याचा त्यांच्यावर संशय आहे. त्या १२ मध्येही ‘ऑल नॅचरल’ लिहिलेले होतेच.

युरोपने या लेबलच्या लपवाछपवीवर काम केलंय. सौंदर्यप्रसाधनांत २६ अ‍ॅलर्जीकारक सुगंधी घटकांची नावं छापणं तिथे आधीच बंधनकारक होतं. २०२३ च्या दुरुस्तीने ती यादी ८० च्या पुढे नेली. लिलियल नावाचा एकेकाळी सर्रास वापरला जाणारा घटक मार्च २०२२ पासून तिथे बंदच आहे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन नियम २०२० आहेत, पण ते अंगाला लावायच्या वस्तूंसाठी. भिंतीवर लटकणारं जेल किंवा टॉयलेटमधली वडी ना औषध, ना कॉस्मेटिक. त्यावर घटकांची पूर्ण यादी शोधून बघा, बहुतेक वेळा सापडणार नाही.

आणि एक साधी गोष्ट विसरतो आपण. डब्यातला गॅस पेट घेतो. सुगंध बाहेर ढकलायला अनेक स्प्रेंमध्ये एलपीजीच्याच जातीचा वायू भरलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये खाडीपलीकडे नालासोपाऱ्यात एका घरात परफ्यूमच्या बाटल्यांवरची एक्सपायरी डेट बदलण्याचा उद्योग सुरू असताना स्फोट झाला आणि एकाच कुटुंबातले चौघं जखमी झाले. तो प्रकार वेगळा होता, पण ‘अंगाला मारायचं अत्तर काय पेटणार’ असं समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा. मासे तळून झाले, गॅस अजून चालू आहे आणि वर स्प्रे मारला, हे करू नका.

टॉयलेटमधल्या सुगंधी वड्या आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांबद्दल थोडक्यात: यांत बहुतेकदा नॅप्थलिन किंवा पॅराडायक्लोरोबेंझिन असतं, आणि ही दोन्ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘कर्करोगास कारणीभूत असण्याची शक्यता’ या गटात आहेत. जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तसेच घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळंतविडा ट्रंकेतून काढला की धुवून, उन्हात वाळवूनच वापरा.

‘नैसर्गिक’ या शब्दाचं काय करायचं?

कापरापासून सुरू करू. बाजारातला बराचसा कापूर पाइनच्या झाडापासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनवर प्रक्रिया करून कारखान्यात बनतो. कापराच्या झाडातून मिळणारा आणि कारखान्यातला, दोन्हींचं रासायनिक सूत्र एकच. शुद्धतेत फरक असू शकतो, पण ‘झाडाचा’ म्हणून तो जाळल्यावर काजळी सोडणार नाही, असं काही नाही.

आणि कापूर पोटात गेला तर आकडी येऊ शकते. लहान मुलांच्या बाबतीत हा धोका इतका स्पष्ट आहे की अमेरिकेच्या एफडीएने १९८३ मध्ये औषधी उत्पादनांत कापराचं प्रमाण ११ टक्क्यांवर रोखलं. आपल्याकडे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज फॅमिली ग्रुपवर धुमाकूळ घालत होता. ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेवढंच.

याहून जवळचा पुरावा बेंगळुरूच्या डॉक्टरांचा आहे. दक्षिण भारतातल्या चार हॉस्पिटलांत त्यांनी चार वर्षं आकडी आलेल्या प्रौढ पेशंटांची माहिती घेतली. ३५० पैकी ५५ जणांनी त्याआधी निलगिरी किंवा कापूर असलेलं काहीतरी, बाम, तेल, टूथपेस्ट वगैरे वापरलेलं होतं. घरात कोणाला फिट्सचा त्रास असेल तर ही गोष्ट न्यूरोलॉजिस्टला आवर्जून विचारा.

डिफ्युजरची हवा सध्या जोरात आहे. लिंबू-संत्र्याच्या तेलात लिमोनीन असतं. हवेतल्या ओझोनशी त्याची प्रक्रिया झाली की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. लिमोनीन झाडातून आलं की लॅबमधून, ओझोनला त्याने फरक पडत नाही. गर्दीच्या रस्त्याला लागून असलेल्या घरात हा मुद्दा जास्तच लागू पडतो.

आणि २०२१ ची ती अमेरिकेतली केस. लॅव्हेंडर-कॅमोमाइलचा ‘इसेन्शियल ऑइल’वाला रूम स्प्रे, आत छोटे रंगीत खडे, वॉलमार्टमध्ये साधारण चार डॉलरला. चार वेगवेगळ्या राज्यांत चार जणांना मेलिऑइडोसिस झाला, जो अमेरिकेत सहसा दिसतच नाही. दोघांचा मृत्यू झाला. तपास करत सीडीसी या बाटलीपर्यंत पोहोचली. बाटलीत तो जिवाणू सापडला, आणि बाटली भारतात बनलेली होती. सुमारे ३,९०० बाटल्या परत मागवल्या गेल्या. तिथे कुठलंही कृत्रिम रसायन दोषी नव्हतं. पाण्यात वाढलेला जिवाणू फवाऱ्यातून छातीत गेला.

म्हणून शेणाचे धूप कप, सांब्राणी कप, निर्माल्यापासून बनवलेली उदबत्ती, यांचं कौतुक कचरा कमी होतो म्हणून जरूर करा. जळाल्यावर मात्र तेही धूरच देतात, आणि कप तर काडीपेक्षा जास्त.

मग घरात करायचं काय?

देवासमोरची उदबत्ती किंवा गुरुवारचा लोबान बंद करा, असं इथे कोणी म्हणत नाही. काडी एकच लावा, खिडकीजवळ लावा, आरती झाली की विझवा. दम्याचा पेशंट, गरोदर बाई किंवा तान्हं बाळ त्या खोलीत नको. मनाई केलेल्या रसायनांची भीती असेल तर पाकिटावर आयएस १९४१२ शोधा. दुकानदाराला विचारा तरी, विचारल्याशिवाय तो ठेवणार नाही.

सुगंध न जाळताही मिळतो, आणि त्याबाबत आपण भाग्यवान आहोत. खाडी ओलांडली की वसई, जिथून सोनचाफा आणि मोगरा पहाटेच्या लोकलने दादरच्या फूल बाजारात जातो. वाटीभर पाण्यात चार सोनचाफ्याची फुलं ठेवली की छोटी खोली दिवसभर दरवळते. उन्हाळ्यात माठात वाळा टाकायची पद्धत आहेच. त्याच वाळ्याची जुडी भिजवून खिडकीत टांगली तरी वास येतो. कपाटासाठी डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड, जे आपल्या आज्या वापरायच्या. वेखंड मुलांच्या तोंडात जाणार नाही एवढं बघा. या सगळ्याला स्प्रेइतका ‘पंच’ नाही, हे मान्य. पण कुणाला फुलांच्या परागाची किंवा वासाची अ‍ॅलर्जी असेल तर सोनचाफाही नको.

खरं काम मात्र वास कुठून येतो ते शोधण्याचं आहे. बाथरूममधून गटारासारखा वास येतोय? आधी नहाणी ट्रॅप बघा. त्यात पाणी साचून राहतं आणि ते गटाराचा वायू अडवतं. आठवडाभर गावाला जाऊन आलात की ते पाणी आटतं आणि वास वर येतो. उपाय एक मग पाणी. फुकट. बेसिनखालचा पाइप नुसताच जमिनीतल्या भोकात सोडलेला असेल, तर प्लंबरकडून भोकाभोवतीची फट बुजवून घ्या. कपाट कुबट वाटत असेल तर ते भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि मागे बुरशी आहे का बघा. बुरशीवर लॅव्हेंडर मारून ती मरत नाही. फ्रीजला खायच्या सोड्याची उघडी वाटी पुरते.

स्वयंपाकघरात नाक शाबूत ठेवण्याला आणखी एक कारण आहे. पाइप गॅस असो की सिलिंडर, त्या वायूला स्वतःचा ओळखू येईल असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. कुजकट वास आला की स्प्रेकडे हात जाण्याआधी शेगडीचं बटण आणि मेन व्हॉल्व्ह बघा. शंका असेल तर दिव्याचं बटण दाबू नका, खिडक्या उघडा.

आणि डासांचं? खिडकीला बारीक जाळी. एकदाचा खर्च आहे, पण तिच्यामुळे कॉइलही सुटते आणि खिडकीही उघडता येते. रस्त्याकडची खिडकी धुळीच्या वेळी बंद ठेवा, मागच्या बाजूची उघडा.

राहिला तो डक्ट. बेव्हर्ली पार्कसारख्या भागातल्या अनेक जुन्या बिल्डिंगांमध्ये बाथरूमच्या खिडक्या एकाच अरुंद डक्टमध्ये उघडतात. त्यात वरून टाकलेला कचरा, फुटलेले पाइप, कबुतरांची विष्ठा. एका घरातला एक्झॉस्ट तिथलीच हवा दुसऱ्या घरात ढकलतो. म्हणजे तुमच्या बाथरूममधल्या वासाचं कारण तिसऱ्या माळ्यावर असू शकतं. हे काम एकट्या फ्लॅटचं नाही, सोसायटीचं आहे. महाराष्ट्रात सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. डक्टची सफाई, पाइपांची दुरुस्ती आणि वरच्या टोकाला जाळी, असा विषय सभेच्या आधी लेखी देऊन ठेवा.